घाई अंगठ्याला नसते

सेकंड शिफ्ट सुटते, चाकणहून निघालेली कंपनीची बस नाशिक रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकते आणि मागच्या सीटवरचा एखादा पोरगा मोबाइलवर गिटारचा व्हिडिओ लावतो. वाजवणारा एकटाच, गिटारही एकच. पण डोळे मिटले तर दोघं वाजवतायत असं वाटावं. खाली खर्जाचा ठेका अखंड चाललेला, वर सुरावट भिंगरीसारखी फिरतेय. याला फिंगरस्टाइल ब्लूज म्हणतात. हातात पिक नाही, सगळं काम बोटांचं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शेतमजुरांनी आणि रस्त्यावर गाणाऱ्या अंध कलावंतांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी ही वादनशैली घडवली. व्हिडिओ संपला की पोरगा म्हणतो, “आपलं काम नाही हे.” असं वाटण्यामागे काही ठरावीक समजुती असतात. त्या एकेक तपासून बघू.

गैरसमज १ : त्यासाठी बोटं विजेसारखी पळायला हवीत.

वस्तुस्थिती : जरा हिशेब करू. लय मिनिटाला १२० ठोक्यांची धरली, तर अंगठा सेकंदाला दोनदाच तार छेडतो. तेही दोन तारांवर आळीपाळीनं. म्हणजे एका तारेची पाळी सेकंदातून एकदाच येते. अंगठ्याच्या दोन ठोक्यांमध्ये बोटाचा एकेक सूर बसवला की कानाला सेकंदाला चार सूर ऐकू येतात आणि आपण म्हणतो, काय वेग आहे! प्रत्यक्षात कुठलंच बोट पळत नसतं. ती एकमेकांच्या मधल्या जागा भरत असतात. लाइनवरचा मुरलेला ऑपरेटर कधी धावपळ करताना दिसतो का? त्याचा सायकल टाइम सुधारतो तो फालतू हालचाल कमी झाल्यामुळे. इथंही तसंच. तार छेडल्यावर बोट हवेत उडालं की तेवढा वेळ गेला. ब्लूज वादक रेव्हरंड गॅरी डेव्हिस यांचं थक्क करणारं वादन उजव्या हाताच्या फक्त अंगठा आणि तर्जनीवर चालायचं.

गैरसमज २ : वेगात वाजवायचं तर सरावही वेगातच करायचा.

वस्तुस्थिती : तबला शिकणारा आधी ठाय लय पक्की करतो, दुगुन-चौगुन नंतर येते. तोच क्रम इथं लागतो. डाव्या हातानं ई कॉर्ड धरा. उजव्या तळव्याची कड ब्रिजवर अलगद टेकवा, म्हणजे खर्ज घुमत न राहता ‘धप्प’ असा बसतो. लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला ६० वर लावून अंगठ्यानं सहावी तार, चौथी तार, सहावी, चौथी एवढंच वाजवा. आठवडाभर फक्त हेच केलं तरी चालेल. पुढची पायरी म्हणजे अंगठ्याच्या ठोक्यासोबतच पहिली तार छेडणं, चिमटीत धरल्यासारखी. त्यानंतर तो सूर दोन ठोक्यांच्या मधे सरकवायचा. खरी कुस्ती इथं सुरू होते, कारण बोट हललं की अंगठा अडखळतो. तसं झालं तर दहा ठोके मागे या. जमलं की चार-पाचनं पुढे जा.

आणखी एक गोष्ट. ब्लूजमध्ये ठोक्याचे दोन भाग बरेचदा समान नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड असतो. हा झोल मेट्रोनोम शिकवत नाही, तो कानानंच उचलावा लागतो. त्यासाठी १९२० च्या दशकातलं ब्लाइंड ब्लेक आणि मिसिसिपी जॉन हर्ट यांचं ध्वनिमुद्रण ऐकावं.

गैरसमज ३ : साध्या गिटारवर हे वाजत नाही, महागडीच घ्यावी लागते.

वस्तुस्थिती : त्या काळातले कितीतरी ब्लूज वादक ‘स्टेला’सारख्या स्वस्तातल्या गिटारवर वाजवायचे. किमतीपेक्षा मोजमाप महत्त्वाचं, आणि मोजमाप हा तर आपल्याकडचा रोजचा विषय. स्टीलची पट्टी बाराव्या फ्रेटवर उभी धरा. सहावी तार साधारण अडीच मिलिमीटर आणि पहिली दोनच्या आसपास उंच असली तर ठीक. त्याहून बरीच उंच असेल तर दोष तुमच्या बोटांचा नाही; दुकानात नेऊन सेटअप करून घ्या. तारा हलक्या लावा. ०.०१२ इंची संचातली पहिली तार मायक्रोमीटरवर ०.३० मिलिमीटर दाखवते, नवशिक्यानं ०.०११ चा संच घेतला तरी बिघडत नाही.

गैरसमज ४ : कामानं राठ झालेले किंवा दुखावलेले हात गिटारला चालत नाहीत.

वस्तुस्थिती : मशिनवर काम करून पडलेले घट्टे तळव्याला असतात, गिटारचे पडतात बोटांच्या टोकांना. त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे सगळ्यांनाच सारखे झोंबतात. मात्र कूलंटनं किंवा दिवसभराच्या हातमोज्यांनी कातडी मऊ पडलेली असताना लगेच तारा दाबू नका. हात धुऊन कोरडे होऊ द्या. नखं वाढवायची सक्ती नाही, हर्ट उघड्या बोटांनीच वाजवायचे. टोकं चुरचुरली तर हरकत नाही. मनगट दुखायला लागलं तर मात्र त्या दिवशी थांबायचं.

राहिला प्रश्न दुखापतीचा. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी या सतरा वर्षांच्या कामगाराच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशिनमध्ये गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली आणि पुढे ‘ब्लॅक सॅबथ’मधून जगभर वाजवलं. हा बँड सुरू झाला तो ब्लूज वाजवतच. आपल्याकडे प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

गैरसमज ५ : वय गेलं, आणि शिफ्टमधून वेळ कुठला?

वस्तुस्थिती : ब्लूज वाढला तोच कष्टकऱ्यांमध्ये. जॉन ली हूकर डेट्रॉइटमध्ये फोर्डच्या कारखान्यात काम करायचे. १९४८ साली त्यांनी ‘बूगी चिलन’ ध्वनिमुद्रित केलं. हर्ट यांनी १९२८ मध्ये थोडी गाणी ध्वनिमुद्रित केली आणि ते पुन्हा शेतात राबायला लागले. १९६३ मध्ये चाहत्यांनी त्यांना गावात शोधून काढलं, तेव्हा ते सत्तरीच्या आसपास होते. त्याच वर्षी ते न्यूपोर्टच्या महोत्सवात वाजवत होते. एलिझाबेथ कॉटन घरकाम करायच्या आणि गिटार उलटी धरून वाजवायच्या, म्हणून त्यांचा खर्ज बोटांवर आणि सुरावट अंगठ्यावर असायची. त्यांचा पहिला अल्बम १९५८ मध्ये, साठी ओलांडल्यावर आला. आपल्यालाही हे संगीत फार लांबचं नाही. चाकणला ज्या महिंद्राच्या गाड्या बनतात, त्याच समूहानं २०११ मध्ये मुंबईच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूज महोत्सव सुरू केला. पहिल्याच वर्षी ब्लूज गिटारवादक बडी गाय येऊन वाजवून गेले.

वेळेचं म्हणाल तर रोजची वीस मिनिटं पुरतात. रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा ती जास्त कामाची. रात्री शेजारी झोपलेले असतील तर ब्रिजपाशी तारांखाली स्पंजची पट्टी सरकवा. आणि बस अडकलीच तर मांडीवर अंगठ्यानं ठेका धरून बोटानं मधल्या जागा भरायला गिटार लागत नाही.

लय कधी वाढवायची, हे ओळखायची एक खूण आहे. ठेका चालू असताना आतून हाक येऊ द्या, “जेवायला वाढू का?” तुम्ही “पाच मिनिटं” म्हणालात आणि अंगठा थांबला, तर अजून ६० वरच राहा. उत्तर देऊनही तो आपल्या नादात चालत राहिला, तर मेट्रोनोम ६५ वर न्या. पण आधी जेवून घ्या.