सिझेरियनच्या वेळचे कंबरेतील इंजेक्शन व त्यातील जोडऔषध



या पानावर एरवी बेणे, खते व पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहिले जाते. या खेपेस विषय निराळा आहे. गटातून फिरताना सभासदांच्या ओट्यावर आणि तोडणी टोळ्यांच्या खोपीवर एक बोलणे सारखे कानावर येते. "सिझर करा, पण कंबरेत सुई नको. जन्माची कंबर जाते. पूर्ण भूल द्या." गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या बाईच्या बाबतीत हा हट्ट जिवावर बेतू शकतो. म्हणून भूलतज्ज्ञांकडून नीट समजून घेऊन लिहीत आहे.

वीस आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर त्या आजाराला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोंडावर व हातांवर सूज चढते, बरगडीखाली दुखते. पुढे झटकेही येतात. वारेतून बाळाला होणारा पुरवठा आधीच कमी पडलेला असतो.

अशा बाईला पूर्ण भूल द्यायची तर श्वासनलिकेत नळी घालावी लागते. घसा आतून सुजलेला असल्याने ती घालणे अवघड जाते. शिवाय नळी घालताना रक्तदाब एकदम उसळतो व मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. कंबरेतून भूल दिली की या दोन्ही गोष्टी टळतात.

त्या सुईतून जाते ते औषध म्हणजे बुपिव्हाकेन. १ मि.ली. मध्ये ५ मि.ग्रॅ. असते आणि साधारण २ मि.ली. च्या आसपास देतात. त्याने वेदनेच्या नसा बधिर होतात, पण रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही सैल पडतात, त्यामुळे रक्तदाब खाली येतो. फार खाली गेला तर बाळाचा पुरवठा आणखी तुटतो. या भीतीने पूर्वी डॉक्टरही अशा बाईला ही भूल द्यायला कचरत. पुढे तुलना करून पाहता असे आढळले, की निरोगी गरोदर बाईपेक्षा हिचा रक्तदाब उलट कमी घसरतो. तरीही मात्रा जितकी बेताची तितके बरे.

इथे जोडऔषध उपयोगी पडते. युरियात निंबोळी पेंड मिसळली की थोडा युरिया जास्त दिवस पुरतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. बुपिव्हाकेनमध्ये फेंटानिल मिसळतात त्याचा हिशेब तसाच. (तुलना एवढ्यापुरतीच. पेंड युरियाला धरून ठेवते, फेंटानिल मात्र मज्जारज्जूत स्वतःच्या वेगळ्या वाटेने वेदना अडवते.) प्रमाण पाहा : पाव ते अर्धा मि.ली., म्हणजे १२ ते २५ मायक्रोग्रॅम. एवढ्याने बुपिव्हाकेनची मात्रा कमी करता येते, रक्तदाब कमी घसरतो आणि पिशवी ओढताना होणारी कळ बाईला जाणवत नाही. काही ठिकाणी १०० ते १५० मायक्रोग्रॅम मॉर्फिन घालतात. त्याने टाके दुखणे १२ ते २४ तास आटोक्यात राहते.

या दोन्ही औषधांनी अंगाला खाज सुटते. नातेवाईक "औषध उलटले" म्हणून गोंधळ घालतात, तसे करू नये. नर्सला सांगावे, त्यावर उपाय आहे. मॉर्फिनने क्वचित श्वास मंदावतो, म्हणून दिवसभर नजर ठेवतात. त्या काळात बाईला घरी न्यायची घाई नको.

राहिली कंबर. सुईच्या जागी चार दिवस ठणका राहतो, काहींचे डोके दुखते. पण बाळंतपणानंतरची कंबरदुखी सुई न टोचलेल्या बायकांनाही होतेच.

ही भूल प्रत्येकीलाच देता येते असेही नाही. रक्तातील प्लेटलेट सत्तर हजारांच्या खाली असतील, किंवा झटके येऊन बाई शुद्धीवर नसेल, तर डॉक्टर पूर्ण भूल निवडतात. तो निर्णय त्यांचा. आपण दवाखान्यात नेताना तपासणीचे कार्ड आणि चालू गोळ्यांचे पाकीट बरोबर घ्यावे, आणि बाईने शेवटचे किती वाजता खाल्ले ते विचारण्याआधीच सांगावे. गाडीसाठी १०८ नंबर आहे. टोळीच्या मुकादमांनीही तो खोपीवर लिहून ठेवावा.

— ऊस विकास अधिकारी