जाळं भरलं म्हणजे समुद्र भरलेला नसतो

‘एक मासा लाखो अंडी घालतो, तो संपणार कसा?’ हा युक्तिवाद केवळ मासळी बाजारातला नाही. १८८३ मध्ये लंडनच्या मत्स्य प्रदर्शनात टॉमस हक्सली या नामवंत जीवशास्त्रज्ञानं हेच सांगितलं होतं: कॉडसारख्या माशाचा साठा माणसाच्या हातून संपणं शक्य नाही. त्या काळच्या होड्या आणि जाळी पाहता त्याला फार दोष देता येत नाही. पण अंड्यांचा आकडा फसवा असतो. साठा स्थिर असेल, तर एका जोडीच्या आयुष्यभराच्या अंड्यांतून सरासरी दोनच मासे मोठे होऊन आईबापांची जागा घेतात. बाकीचे कुणाच्या तरी पोटात जातात, उपाशी मरतात किंवा प्रवाहाबरोबर भलतीकडे वाहून जातात.

‘जाळी भरून येताहेत, म्हणजे मासा भरपूर आहे.’ सगळ्यांत महागात पडलेला गैरसमज हा. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर १९६८ मध्ये आठ लाख टनांहून अधिक कॉड पकडला गेला. पुढे साठा खालावत गेला, तरी १९८० च्या दशकात मोठ्या ट्रॉलरची जाळी मात्र जड होऊनच वर येत होती. कारण कॉड हा थव्यानं राहणारा मासा. संख्या घटली तरी उरलेले मासे एकत्र गोळा होतात, आणि ते नेमके कुठे आहेत हे ट्रॉलरला यंत्रावर दिसतं. साठ्याच्या सरकारी अंदाजात या ट्रॉलरच्या पकडीला बरंच वजन होतं. किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार मासा कमी झाल्याचं सांगत होते; त्यांचं ऐकलं गेलं नाही. २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार गेला. म्हणूनच शास्त्रज्ञ केवळ बंदरावर उतरलेल्या टनांवर विसंबत नाहीत. एवढी पकड किती तासांच्या मेहनतीनं मिळाली, माशांची लांबी आणि वय काय होतं, हेही ते पाहतात. आणि जिथे मासा मिळेल असं वाटत नाही तिथेही मुद्दाम जाळं टाकतात.

‘मग मासेमारीच नको’ हे दुसरं टोकही तितकंच चुकीचं. न पकडलेल्या साठ्यात खाणारी तोंडं जास्त आणि अन्न तेवढंच, त्यामुळे वाढ मंदावते. साठा काहीसा विरळ झाला की उरलेले मासे जोमानं वाढतात. ती वाढीव भर दरवर्षी काढून घेता येते. तिच्यापलीकडे हात घातला की पुढच्या वर्षीची भरही कमी होते.

‘पिल्लं सोडली, मोठे मासे खाल्ले, की काम झालं.’ पिल्लं सोडायलाच हवीत, पण मोठ्या मादीची किंमत आपण फक्त तव्यावर करतो. २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार ३० किलोची एक कॉड मादी दोन किलोच्या २८ माद्यांइतकी, म्हणजे ५६ किलो वजनाच्या माशांइतकी अंडी देते. गाबोळी भरलेली थोराड मादी जास्त भावानं विकली जाते, तेव्हा हा हिशेब कुणाच्या वहीत नसतो.

‘काही वर्षं बंद ठेवलं की मासा परत येतो.’ कोणता मासा, यावर ते अवलंबून आहे. वीण घालायला लागेपर्यंत न्यूफाउंडलंडच्या कॉडची पाच-सहा वर्षं जातात. १९९२ ची बंदी उठायला २०२४ उजाडलं, आणि तेव्हाही घाई होतेय अशी टीका झालीच. याउलट केरळमधल्या अष्टमुडी सरोवरातल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्या बघा. निर्यातीच्या मागणीमुळे १९९३ मध्ये तिथलं उत्पादन निम्म्यावर आलं. मग विणीच्या काळात, डिसेंबर ते फेब्रुवारी, बंदी आली आणि जाळ्याचा आस किमान ३० मिमी ठरला. लवकर वाढणारा जीव असल्यानं साठा सावरला, आणि २०१४ मध्ये मरीन स्ट्यूअर्डशिप कौन्सिलचं प्रमाणपत्र मिळवणारं ते भारतातलं पहिलं मत्स्यक्षेत्र ठरलं. अलीकडे मात्र तिथलं उत्पादन पुन्हा घसरलं आहे. सरोवराच्या पाण्यातले बदल आणि बाहेरून आलेली शिंपल्याची आक्रमक जात ही त्यामागची कारणं सांगितली जातात. मासेमारीवरच्या नियमांनी पाणी सुधारत नाही.

‘आपल्याकडे पावसाळी बंदी आहेच की.’ आहे. केंद्राच्या आदेशानुसार पश्चिम किनाऱ्यावर ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. पण सगळ्या जातींची वीण त्याच दोन महिन्यांत उरकत नाही, आणि बंदी उठल्यावर बारीक आसाच्या जाळ्यांत पापलेटची पिल्लं पडली, तर पावसाळ्यात राखलेलं हिवाळा यायच्या आत संपतं. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. त्याच वर्षी महाराष्ट्रानं ५४ जातींसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवली: पापलेट १३५ मिमी, बोंबील १८० मिमी, सुरमई ३७० मिमी. अडचण अशी, की डोल जाळं भरती-ओहोटीच्या प्रवाहात उभं असतं. जे वाहत येईल ते त्यात शिरतं. बोटीवर पट्टी लावेपर्यंत पिल्लू मेलेलं असतं. त्यामुळे खरी मोजणी आसाची व्हायला हवी, आणि ती जाळं पाण्यात जायच्या आधी. बाजारात पट्टी लागली तर त्या पिल्लाचा काही उपयोग नाही, पण त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही तर पुढच्या फेरीला बारीक आसाचं जाळं नेण्यात फायदा उरत नाही. आणि पापलेटसाठी ती पट्टी, १३५ मिमी, म्हणजे सव्वापाच इंचांहून किंचित जास्त.