पिकांचे रोग, परके तण आणि आपले बारदान

पिकावर रोग पडला म्हणजे शेतकरी आभाळाकडे पाहतो आणि व्यापारी भावाकडे. दोघांचेही पाहणे स्वाभाविक आहे. परंतु रोग आला कोठून आणि नेमका याच साली का आला, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. पांढुर्णा व सौंसर या भागात धान्याची घाऊक उलाढाल करताना या प्रश्नाचे महत्त्व आम्हांस उत्तरोत्तर पटत गेले. वनस्पतिशास्त्र हा आमचा विषय नव्हे, आणि मॅट्रिकच्या पुढे आमचे शिक्षणही झालेले नाही. तथापि शास्त्रज्ञांनी जे शोधून काढले, त्यातील आपल्या धंद्यास उपयोगी भाग सदस्य-बंधू व त्यांचे कुटुंबीय यांच्यापुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रोग होण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : रोगाचे बीज, त्यास बळी पडणारे पीक आणि अनुकूल हवा. चुलीत ठिणगी, लाकूड आणि वारा ही तिन्ही जमली तरच जाळ होतो, त्यातलाच हा प्रकार. रानात शेकडो जातींच्या वनस्पती शेजारी शेजारी वाढतात; तेथे एका झाडाचा रोग दुसऱ्या जातीच्या झाडास सहसा लागत नाही आणि जाळ जागच्या जागी विझतो. मनुष्य मात्र कोसच्या कोस एकच पीक, आणि तेही एकाच वाणाचे, पेरतो. म्हणजे वाळलेले लाकूड आपणच रचून ठेवतो आणि ठिणगीची वाट पाहतो.

याचे ठळक उदाहरण आपल्या मध्य भारतातच घडले. १९४६-४७ च्या हंगामात गव्हावर काळा तांबेरा पडला आणि सुमारे वीस लाख टन गहू बुडाल्याचा अंदाज करण्यात आला. आपल्याकडील उन्हाळ्याच्या तापात तांबेऱ्याचे बीज तगत नाही. मग ते दर साली येते कोठून? आग्रा कॉलेजचे प्रा. करमचंद मेहता यांनी या प्रश्नावर आपले आयुष्य वेचले. थंड डोंगराळ मुलखात तांबेरा उन्हाळा काढतो आणि तेथून दर वर्षी मैदानात उतरतो, हे त्यांनी दाखवून दिले. काळ्या तांबेऱ्याचे मुख्य माहेर म्हणजे दक्षिणेतील निलगिरी व पळणी हे डोंगर. बंगालच्या उपसागरात वादळे उठली म्हणजे त्या वाऱ्यांवर हे सूक्ष्म बीज उत्तरेकडे येते आणि पावसाच्या थेंबांबरोबर आपल्या शेतांत उतरते, असे पुढील शास्त्रज्ञांनी निश्चित केले.

वाऱ्याने येणाऱ्या या पाहुण्यास कोणताही नाका अडवू शकत नाही. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे लाकूड ओले ठेवणे. तांबेऱ्यास दाद न देणारे वाण पेरावेत, आणि तेही सर्वत्र एकच नव्हे तर निरनिराळे. तांबेराही आपले रूप पालटीत असतो, म्हणून एका वाणावर सगळी भिस्त ठेवणे धोक्याचे ठरते. आपण ज्या वाणास चढा भाव देतो तोच शेतकरी पेरतो. म्हणून कोसच्या कोस एकच वाण होण्यास आपली खरेदीही काही अंशी कारण असते.

परंतु सर्वच रोग वाऱ्याने येत नाहीत. कित्येक गाडीने, जहाजाने आणि पोत्याने येतात. या दुसऱ्या प्रकाराचा विचार आपण व्यापाऱ्यांनी विशेषेकरून करावयास हवा, कारण त्यांचे वाहन आपण आहोत.

गाजर गवत सर्वांच्या परिचयाचे आहे. कोणी त्यास काँग्रेस गवत म्हणतात. हे मूळचे अमेरिका खंडातील. आपल्या देशात त्याच्या फैलावाकडे प्रथम लक्ष गेले ते पुण्यास, १९५५ साली. पी.एल. ४८० च्या गव्हाबरोबर ते आले असा सार्वत्रिक समज आहे. पण तो करार ऑगस्ट १९५६ मधील, म्हणजे गवत त्याच्या आधीच येथे होते. अमेरिकन गहू मात्र १९५१ च्या कर्जानेही आला होता. ते कोणत्याही मार्गाने येवो, एक झाड हजारो बारीक बिया टाकते आणि त्या बिया धान्यातून, चाकांच्या चिखलातून व वाहत्या पाण्यातून गावोगाव पोहोचतात. परक्या वनस्पतीचे बळ यात असते की तिचे मूळ शत्रू, म्हणजे तिला खाणारे किडे, मायदेशीच राहून जातात. हे ओळखून १९८३-८४ च्या सुमारास मेक्सिकोतून गाजर गवत खाणारा एक भुंगा बंगळूर येथे आणण्यात आला. तो पाने फस्त करतो खरा. परंतु गवताचे उच्चाटन अद्याप झालेले नाही. एकदा घरात शिरलेला पाहुणा घालविणे किती कठीण, हे यावरून दिसते.

गव्हावरील ब्लास्ट नावाचा रोग १९८५ साली ब्राझीलमध्ये प्रथम आढळला आणि पुढे तीस वर्षे दक्षिण अमेरिकेतच राहिला. २०१६ साली तो एकाएकी बांगलादेशात प्रकटला आणि सुमारे पंधरा हजार हेक्टर गहू त्याच्या तावडीत सापडला. तपासणीत ती बुरशी दक्षिण अमेरिकेतील बुरशीच्याच कुळातील निघाली. एवढा समुद्र वाऱ्याने ओलांडला असेल असे मानणे कठीण. आयात केलेल्या धान्याकडेच संशय जातो. त्यानंतर पश्चिम बंगालमध्ये सीमेलगतच्या पट्ट्यात गव्हाचा पेरा थांबविण्याची पाळी आली. आपण केवळ घेणारे आहोत असेही नव्हे. कर्नाल येथे १९३१ साली नोंदला गेलेला, दाण्यास कुजक्या मासळीची दुर्गंधी आणणारा कर्नाल बंट हा रोग १९९६ साली अमेरिकेत सापडला. असा रोग असलेला गहू अनेक देश स्वीकारीत नाहीत. तेव्हा रोगट माल हा केवळ शेतकऱ्याचा तोटा नसून बाजारपेठेच्या पतीचा प्रश्न आहे.

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीने दोन्ही वाटा वापरल्या. अमेरिकेतून ती २०१६ साली आफ्रिकेत दिसली, मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा येथे आढळली, आणि तेथून पुढे तिच्या पतंगांनी पंखांच्या बळावर अल्पावधीत देशभरचा मका गाठला. छिंदवाड्याच्या मक्यावर ज्यांचा धंदा उभा आहे त्यांना याहून अधिक सांगणे नलगे.

संत्र्याची गोष्टही वेगळी नाही. डिंक्या रोगाची बुरशी मातीत राहते आणि रोपवाटिकेतील कलमाच्या मुळांशी असलेल्या मातीतून नव्या बागेत शिरते. दोन पैसे स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले कलम दहा वर्षांची बाग बसविते. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने रोगमुक्त कलमांचा आग्रह धरला आहे तो याचकरिता.

मग आपण काय करावे? परदेशी मालाची तपासणी सरकार करते. त्यासाठी १९१४ चा कायदा आणि २००३ चा आदेश आहे. परंतु बंदराच्या आतला नाका म्हणजे आपली वखार. चाळणीखालचे मातेरे रस्त्याकडेला वा नाल्यात टाकू नये. त्यातच तणाचे बी असते. ते खोल पुरावे. एका मुलखातून आलेले बारदान झटकून व उन्हात वाळवूनच दुसऱ्या मुलखात धाडावे. खाण्यासाठी आलेले धान्य बियाणे म्हणून कदापि विकू नये, गिऱ्हाइकाने कितीही गळ घातली तरी. अपरिचित कीड वा तण दिसताच कृषी खात्यास कळवावे. तणाविषयी जबलपूरचे तण संशोधन संचालनालय आपल्याच राज्यात आहे.

यास थोडा खर्च व थोडी हमाली लागेल, आणि ज्याने ती केली त्याला त्याच साली काही लाभ दिसणार नाही. पण रोग पसरल्यावर शेतात विषारी फवारे मारून अगणित जीव मारण्यापेक्षा तो येऊच न देणे अधिक श्रेयस्कर होय. आपल्याकडे ज्यास यतना म्हणतात ती हीच. वाऱ्यावर आपली सत्ता नाही. पोत्याचे तोंड मात्र आपल्याच हाताने शिवले जाते, आणि त्यातून काय बाहेर जाते याची जबाबदारीही आपलीच आहे.