हॅलो म्हटल्यानंतरची शांतता

सकाळचे अकरा वीस. हात कणकेत आणि फोन ओट्यावर वाजतोय. नंबर अनोळखी. कुरिअरवाला असेल म्हणून करंगळीनं हिरवं बटण सरकवायचं, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरायचा आणि म्हणायचं, ‘हॅलो’. पलीकडे काही नाही. पुन्हा ‘हॅलो’. मग लांबून बाजार भरल्यासारखा गलका ऐकू येतो, टक् असा आवाज होतो आणि फोन बंद. फोनच्या पडद्याला कणीक लागलेली असते ती लागलेलीच.

बँकांनी ग्राहकांना आता १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच फोन करायचा, ही बातमी सगळ्यांनी वाचली आहे. व्यापारी बँकांना १ जानेवारी २०२६, मोठ्या वित्त कंपन्यांना १ फेब्रुवारी, सहकारी बँकांना १ मार्च, म्युच्युअल फंडांना १५ फेब्रुवारी अशा मुदती दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ‘ट्राय’नं, आखून दिल्या. बँकेच्या नावानं लुबाडणाऱ्यांना ओळखता यावं हा त्यामागचा हेतू आहे आणि तो चांगलाच आहे. पण गेले काही दिवस मी या बातमीपेक्षा त्या शांततेचाच विचार करतोय. आपल्याला फोन करून कुणी बोलतच नाही, हे नेमकं काय असतं?

ते एक गणित असतं आणि त्याचं मूळ डेन्मार्कमध्ये आहे.

आग्नर क्रारुप अर्लांग हा गणिताचा माणूस १९०८ मध्ये कोपनहेगन टेलिफोन कंपनीत नोकरीला लागला. कंपनीपुढचा प्रश्न साधा होता. गावात इतके ग्राहक, दिवसाला इतके फोन, प्रत्येक जण साधारण इतका वेळ बोलतो; तर तारा किती टाकायच्या आणि ऑपरेटर किती बसवायचे? कमी पडले तर ग्राहक ताटकळतो, जास्त झाले तर कंपनीचा पैसा वाया जातो. अर्लांगनं १९०९ मध्ये शोधनिबंध लिहून दाखवलं की फोन कधी येईल हे सांगता येत नसलं, तरी तासाभरात येणाऱ्या फोनांच्या बेभरवशाला एक ठरावीक वळण असतं आणि ते सूत्रात मांडता येतं. बँकेतली रांग, टोलनाका, इंटरनेटचे सर्व्हर हे सगळं ज्याच्या जोरावर आखलं जातं ते रांगेचं शास्त्र इथून सुरू झालं. टेलिफोनच्या वर्दळीचं एकक आजही ‘अर्लांग’ याच नावानं ओळखलं जातं. हा माणूस १९२९ मध्ये वारला. तोवर त्यानं ग्राहकाला कमीत कमी ताटकळावं लागेल याचीच आकडेमोड केली होती.

आता कॉल सेंटरमधला डायलर बघू. डायलर म्हणजे नंबर फिरवणारं यंत्र. हाती आलेल्या नंबरांच्या यादीला या धंद्यात ‘डेटा’ म्हणतात. समजा तीन टेलीकॉलर थोड्याच वेळात मोकळे होणार आहेत. यंत्राला अनुभवानं ठाऊक असतं की दहांतले तीनच जण फोन उचलतात, म्हणून ते एका दमात दहा नंबर फिरवतं. तिघांनी उचलला तर तीन टेलीकॉलर, तीन बकरे, हिशेब जमला. पण त्या मिनिटाला पाच जणांनी उचलला, तर दोघे जास्तीचे. त्यांच्याशी बोलायला माणूसच नाही. ते दोघे ‘हॅलो, हॅलो’ करतात आणि यंत्र त्यांना सोडून देतं. कणकेचे हात घेऊन उभा असलेला मी त्या दोघांतला एक.

त्यात आणखी एक बारकावा आहे. उचललेला फोन माणसानं उचलला की आवाज टिपून ठेवणाऱ्या यंत्रानं, हे काही डायलर आपल्या पहिल्या ‘हॅलो’वरून तपासतात. तेवढ्यात सेकंद-दीड सेकंद जातो. म्हणजे आपला पहिला हॅलो बऱ्याचदा यंत्राच्या परीक्षेसाठी खर्ची पडतो आणि माणसासाठी दुसरा लागतो. (महाराष्ट्र सरकारनं २०२२ च्या गांधी जयंतीपासून आपल्या कर्मचाऱ्यांना हॅलोऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सांगितलं होतं. डायलरनं त्याचं काय केलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.)

गणित तेच राहिलं, फक्त ताटकळणारा बदलला. अर्लांग ग्राहकाची मिनिटं वाचवत होता. डायलर टेलीकॉलरची मिनिटं वाचवतो, कारण त्याला पगार द्यावा लागतो आणि आपल्याला द्यावा लागत नाही. अमेरिकेत असे सोडून दिलेले फोन तीन टक्क्यांच्या आत ठेवायचे, असा दंडक आहे. आपल्याकडेही स्वयंचलित डायलर वापरणाऱ्यानं तसं आधी कळवायचं, अशी तरतूद आहे. ज्यानं कुठं नोंदणीच केलेली नाही, तो कुणाला कळवायला जाणार?

एका फोनला कितीही थोडे पैसे पडत असते, तरी दहा लावून सात वाया घालवणं कुणाला परवडलं नसतं. चाळीतल्या एकाच घरी फोन असायचा आणि इतरांच्या कार्डावर तोच नंबर ‘पी. पी.’ लावून छापलेला असायचा, ते दिवस आठवणारे अजून आहेत. फोन आला की खालून हाक यायची आणि माणूस चप्पल न घालता धावत सुटायचा. मोबाइल आले तेव्हा तर येणाऱ्या फोनचेही पैसे पडायचे. मे २००३ पासून फोन करणाऱ्यानंच पैसे मोजायचे असं ठरलं आणि ‘इनकमिंग फ्री’ हा शब्द घराघरांत गेला. नको असलेले फोन आवरायलाही ही व्यवस्था खरं तर उत्तम होती, कारण जो त्रास देणार तोच मोजणार होता. पुढे दर उतरत उतरत गेले. सेकंदाला एक पैसा झाला आणि २०१६ नंतर महिन्याचं रिचार्ज मारलं की कॉल अमर्याद. करणाऱ्याचा खर्च शून्यावर आला आणि उचलणाऱ्याचा तेवढा तसाच राहिला.

ई-मेलच्या जगात हे फार आधी लक्षात आलं होतं. ॲडम बॅक नावाच्या ब्रिटिश संगणकतज्ज्ञानं १९९७ मध्ये ‘हॅशकॅश’ सुचवलं होतं. प्रत्येक ई-मेल पाठवताना पाठवणाऱ्याच्या संगणकाला एक छोटं कोडं सोडवायला लावायचं. एकाला पत्र लिहिणाऱ्याला ते जाणवणारही नाही, पण लाखांना पाठवणाऱ्याची यंत्रं दमतील. फोनच्या बाबतीत माझं मत याहून गावठी आहे. दिवसाला पन्नास वेगवेगळ्या अनोळखी नंबरांना फोन करणाऱ्या सिमकार्डाला एक्कावन्नाव्या फोनपासून पन्नास पैसे लावा आणि ते उचलणाऱ्याच्या खात्यात जमा करा. यात अडचणी आहेत, मला मान्य. माझं महिन्याचं रिचार्ज मात्र सुटेल.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. नको असलेल्या फोनांसाठी राष्ट्रीय नोंदवही २००७ मध्येच सुरू झाली. ती फारशी कुणाच्या कामी येत नव्हती. मग ऑगस्ट २०१० मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री प्रणव मुखर्जी महागाईच्या प्रश्नावर विरोधी नेत्यांबरोबर बैठकीत बसले असताना त्यांना फोन आला. पलीकडची व्यक्ती त्यांना गृहकर्ज देऊ करत होती. देशाच्या अर्थमंत्र्याला! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कडक नियम निघाले आणि मुदतवाढी घेत घेत २७ सप्टेंबर २०११ ला लागू झाले. व्यापारी फोन रात्री नऊ ते सकाळी नऊ करायचे नाहीत, हे तेव्हाचंच. दुपारी एक ते चारला मात्र कुणी हात लावला नाही, यावरून नियम कुठल्या शहरात लिहिले गेले नव्हते ते कळतं. ती कसर २०१८ च्या नियमांनी भरून काढली. कुठल्या वारी आणि कुठल्या वेळेत फोन नको, हे ग्राहकाला निवडता येतं. ही सोय वापरणारा मला अजून भेटलेला नाही. याच नियमांनी जाहिरातींच्या संदेशांच्या नोंदणीसाठी ब्लॉकचेनही आणलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम पुन्हा घट्ट केले गेले. आता तक्रार तीनऐवजी सात दिवसांत करता येते. दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की नोंदणी नसलेल्या नंबरवर कारवाई सुरू व्हायला हवी आणि ती पाच दिवसांत. १४० ने सुरू होणारे नंबर जाहिरातींचे, १६०० वाले कामाचे. तक्रार १९०९ वर किंवा ‘ट्राय’च्या डीएनडी ॲपवर. वर्षभरात २१ लाखांवर नंबर तोडल्याचं ‘ट्राय’नं नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं. त्यात एक गोष्ट त्यांनी मुद्दाम बजावली होती आणि ती आपल्यापैकी बहुतेकांना लागू पडते. नंबर नुसता ब्लॉक करू नका, तक्रार करा. ब्लॉक केल्यानं तो नंबर फक्त आपल्यापुरता मरतो. शेजाऱ्याकडे वाजतच राहतो.

मला प्रामाणिकपणे सांगायला हवं की मी गेल्या वर्षभरात एकच तक्रार केली. एका फोनसाठी तारीख टाका, नंबर टाका, तो काय म्हणाला ते लिहा. बारा सेकंदांच्या त्रासासाठी तीन मिनिटांचं काम. असल्या त्रासांचं बळ हेच असतं की त्यातला एकेक इतका क्षुल्लक असतो, त्याविरुद्ध हातपाय हलवणं वेडेपणाचं वाटावं.

आता पुढची सोय येते आहे. फोन करणाऱ्याचं नाव थेट पडद्यावर दिसणार. सिमकार्ड घेताना कागदपत्रांत दिलं होतं ते नाव. २००९ मध्ये स्टॉकहोममध्ये सुरू झालेलं ट्रूकॉलर इतकी वर्षं लोकांच्या फोनमधल्या यादीवरून जे अंदाजानं सांगायचं, ते मोबाइल कंपन्या अधिकृतपणे सांगतील. ‘ट्राय’नं फेब्रुवारी २०२४ मध्ये ही शिफारस केली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. मग आमच्याच घरातले नंबर आठवले. माझा नंबर वडिलांच्या नावावर. बायकोचा तिच्या माहेरच्या नावावर. मुलाचा माझ्या नावावर. गावाकडे तर एका भावाच्या आधार कार्डावर पाच जणांची सिमं. म्हणजे मी एखाद्या अनोळखी माणसाला फोन केला की त्याला माझ्या वडिलांचं नाव दिसणार आणि ते वारून सहा वर्षं झाली आहेत. घरोघरी आता दुकानात जाऊन सिम आपापल्या नावावर करून घ्यावी लागतील. त्या दुकानातली रांग अर्लांगलाही झेपणार नाही.

एका गोष्टीची मात्र खरी चुटपुट लागते. आमच्या तालुक्याच्या सहकारी बँकेतले शाखाधिकारी स्वतःच्या मोबाइलवरून फोन करायचे. ‘काका, ठेवीची मुदत संपतेय शुक्रवारी, येऊन जा. आणि येताना पॅन कार्ड आणा, मागच्या वेळी विसरला होता.’ या फोनला कुठलाही डायलर लागत नव्हता. आता तो १६०० वरून येणार, बहुधा ध्वनिमुद्रित आवाजात. चोर साहेबांच्या नावानं फोन करायला लागले, म्हणून साहेबांनाच आपल्या नंबरवरून बोलायची चोरी झाली.

आणि दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाविषयी बोलायचं राहूनच जातं. ‘टेलीकॉलर पाहिजेत, बेसिक अधिक इन्सेंटिव्ह’ अशी जाहिरात वाचून आलेली बी. कॉम.ची मुलगी. कानावर हेडफोन, पाठीशी टीएल म्हणजे टीम लीडर, समोर दिवसाचं टार्गेट. पुढचा फोन कुणाला लावायचा हे तिच्या हातात नसतं. एक संपला की यंत्र दुसरा कानात ओततं. आपण तिच्यावर खेकसतो तेव्हा डायलरला काहीच होत नाही.

आमची आई खेकसत नाही. वय वर्षं ७८. येईल तो फोन उचलते, दुसरा हॅलोही न कंटाळता म्हणते. परवा तिला वैयक्तिक कर्जासाठी फोन आला. मी शेजारीच बसलो होतो. आईनं आधी व्याजदर विचारला, मग तो पतसंस्थेपेक्षा जास्त कसा, हे विचारलं. मग मुलीला गाव विचारलं. ती परभणीकडची निघाली. आईची मावशी जिंतूरला दिलेली, त्यामुळे पुढची सहा मिनिटं जिंतूरला गेली. गुडघ्याचं दुखणं झालं, ज्वारीचा भाव झाला. मी खुणेनं ‘ठेव, ठेव’ म्हणत होतो. डायलरनं या फोनला साधारण दीड मिनिट धरलं असणार आणि त्या हिशेबानं एव्हाना पुढचे नंबर फिरवूनही टाकले असणार. कुठंतरी कुणीतरी कणकेच्या हातानं हॅलो, हॅलो करत असेल.

‘कर्ज नको गं बाई मला,’ आई शेवटी म्हणाली, ‘पण तू कर परत फोन. दुपारी नको, दुपारी मी पडते जरा.’