चहा आला, पाव आला. रविवार मात्र अर्ध्याच घराला

पाश्चात्यांच्या अनुकरणाचा विषय मराठी समाजाला नवा नाही. इंग्रजी राज्य आले तेव्हापासून या विषयावर व्याख्याने झाली, निबंध लिहिले गेले आणि घरोघरी वडीलधाऱ्यांचे व तरुणांचे खटके उडाले. पूर्वी वाद शेंडीचा आणि बुटांचा होता. आज तो वाढदिवसाच्या केकचा, मेजावरच्या जेवणाचा आणि विदर्भात मार्च-एप्रिलच्या उन्हात शाळकरी मुलांच्या गळ्याला आवळलेल्या टायचा आहे. एक पक्ष म्हणतो, संस्कृती बुडाली. दुसरा म्हणतो, जगाबरोबर चालले पाहिजे. या दोन्ही पक्षांची एक चूक मात्र समान आहे. परकी सवय दिसते कशी, एवढेच ते पाहतात. ती कोणाच्या पदरात काय टाकते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

वास्तविक, रोजच्या जीवनात युरोपकडून आलेल्या गोष्टींची मोजदाद करू लागल्यास भल्याभल्या स्वदेशाभिमान्याचा दिवस सकाळीच अडचणीत येईल. पाव हा शब्दच पोर्तुगीज आहे आणि पदार्थही पोर्तुगिजांबरोबर गोव्यात उतरला. बटाटा त्यांनीच आणला. दाराला लावायची चावी ही शब्दाने पोर्तुगीज आहे. इतकेच काय, महिनाअखेर चाकरमानी ज्याची वाट पाहतो तो पगारही पोर्तुगीज शब्दच होय. उपवासाच्या दिवशी बटाटा खाताना तो परदेशी आहे याची आठवण कोणाला होत नाही. वड्याला पावाच्या पोटात बसवून मुंबईने जे खाद्य निर्माण केले, ते तर आज मराठीपणाची खूण म्हणून मिरवते.

यातून एक नियम दिसतो. जी परकी गोष्ट केवळ दिमाखासाठी घेतली जाते, ती तशीच उपरी राहते. जी गरजेपोटी घेतली जाते, ती चार पिढ्यांत घरची होते. पहाटे कामावर जाणाऱ्या माणसाला भाजलेला, टिकणारा, स्वस्त पाव हवा होता. म्हणून तो रुजला. केकवर मेणबत्त्या फुंकाव्यात की निरांजनाने औक्षण करावे, हा वाद तर बहुतेक घरांनी दोन्ही करून केव्हाच मिटवला आहे. तेव्हा खाण्यापिण्याची आणि पेहरावाची चिंता फार करण्याचे कारण नाही. चिंता करावी अशी एक युरोपीय सवय मात्र आहे. ती समाजाने मनापासून उचलली, तरीही ती सर्वांपर्यंत पोहोचलेली नाही. ती म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीची, रविवारची.

एकाच वर्षातील दोन प्रसंग

१८९० हे वर्ष या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पुण्याच्या पाचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील काही प्रतिष्ठित मंडळी जमली. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती धरून खाली ठेवला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये प्रसिद्ध करविली आणि शहरात एकच गहजब झाला. त्या नावांत न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, बहिष्काराचे शस्त्र उपसले गेले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकांनीच त्यांना बोल लावला. एका पेलाभर चहासाठी महाराष्ट्राच्या बुद्धिमंतांची दोन वर्षे अशी खर्ची पडली.

त्याच वर्षी, या गहजबाच्या चार महिने आधी, मुंबईत दुसरी एक घटना घडली होती. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने कामगारांना दर रविवारी सुटी देण्याचे मान्य केले. तिच्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची सहा वर्षांची खटपट होती. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतील हा कार्यकर्ता ‘दीनबंधू’ पत्राचा संपादक होता, आणि गिरणीत स्वतः नोकरी केलेली असल्यामुळे कामगारांचे जिणे त्याला जवळून ठाऊक होते.

पाचहौद मिशनचा चहा शाळकरी पुस्तकांतून, चरित्रांतून आणि व्याख्यानांतून अजरामर झाला. रविवारची सुटी मात्र जणू पंचांगातच होती, अशा समजुतीने समाज ती उपभोगीत राहिला. २००५ साली टपाल खात्याने लोखंड्यांचे तिकीट काढले. परंतु दर रविवारी सकाळी उशिरा उठणाऱ्या किती शिक्षकांना, कारकुनांना आणि विद्यार्थ्यांना हे नाव माहीत असेल, हा प्रश्नच आहे.

रविवार मागून घ्यावा लागला

रविवारपूर्वी या देशात विश्रांती नव्हती असे नाही. शेतकरी अमावास्येला औत धरीत नसे. काही भागांत सोमवार हा नंदीचा वार म्हणून त्या दिवशी बैल जुंपीत नसत. पोळ्याला तर बैलाच्या खांद्यावर जू ठेवणे हे पाप मानले जाई. परंतु ही सर्व विश्रांती ऋतूची, सणाची आणि देवाची होती. गिरणीच्या भोंग्याला ना ऋतू ठाऊक होता, ना सण. तेथे दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्र चाले आणि त्याबरोबर माणूस चाले. इंग्रजांनी सरकारी कचेऱ्यांना रविवार दिला तो स्वतःच्या धर्माचा वार म्हणून. गिरणीतल्या माणसाशी त्याचा संबंध नव्हता. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने मुलांना महिन्यातून चार सुट्या दिल्या. प्रौढांसाठी त्यात काहीच नव्हते.

अशा स्थितीत १८८४ च्या सप्टेंबरात लोखंड्यांनी परळला कामगारांच्या सभा भरविल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. दर रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, अपघातात जायबंदी झालेल्यास भरपाई, अशा त्यातील मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मागणी मान्य झाली ती यानंतर दीड महिन्याने. पुढल्याच वर्षी, १८९१ साली, आठवड्याची सुटी कायद्यात आली.

या लढ्यात अनुकरणाच्या नेहमीच्या कल्पनांना धक्का देणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे, गिरणीमालकांत बहुसंख्य येथलेच होते. विलायती यंत्र, विलायती हिशेब, विलायती इंजिनियर हे सर्व त्यांनी आनंदाने पत्करले होते. विलायती रविवार तेवढा त्यांना नको होता. परक्या सवयींपैकी कोणती घ्यायची हे ठरविताना मालक आणि चाकर यांची निवड कधीच एक नसते. दुसरी गोष्ट अशी की, रविवार युरोपातही आपोआप मिळालेला नव्हता. फ्रान्समध्ये रविवारच्या विश्रांतीचा जुना कायदा १८८० साली रद्द झाला आणि सर्व कामगारांना आठवड्याची सुटी देणारा कायदा व्हायला १९०६ साल उजाडावे लागले. म्हणजे मुंबईच्या गिरणी कामगाराने आपला रविवार फ्रेंच कामगाराच्या सोळा वर्षे आधी पदरात पाडून घेतला! तेव्हा रविवार ही केवळ साहेबाची नक्कल होती असे म्हणणे म्हणजे त्या दहा हजार माणसांवर अन्याय करणे होय. खंडोबाचाही वार रविवारच. त्यामुळे ही सुटी त्यांना परकी वाटण्याचे कारणही नव्हते.

सुटीचा अर्थ

रविवारच्या मुळाशी एक साधे परंतु मोठे तत्त्व आहे. सणाची सुटी देवाच्या नावाने मिळते, रजा वरिष्ठाच्या मर्जीने मिळते. आठवड्याची सुटी मात्र काम केले म्हणून मिळते. तिच्यासाठी आजारी पडावे लागत नाही, कोणाच्या घरी लग्न किंवा मृत्यू घडावा लागत नाही, अर्ज करावा लागत नाही. सहा दिवस घाम गाळणाऱ्याचा सातवा दिवस त्याचा स्वतःचा, त्याचे तो काय वाटेल ते करील, हे त्यातील सूत्र आहे. जर्मनीने १९१९ च्या वायमार राज्यघटनेत रविवारला संरक्षण दिले, १९४९ च्या घटनेतही ते कलम कायम ठेवले आणि २००९ साली तेथील घटना न्यायालयाने नाताळच्या हंगामातही सरसकट सर्व रविवारी दुकाने उघडी ठेवू देण्यास नकार दिला. व्यापाराच्या बाबतीत इतका दक्ष असलेला देश एका दिवसासाठी गल्ला बंद ठेवतो, याचे कारण त्याला या तत्त्वाचे मोल कळते.

महाराष्ट्रानेही हे तत्त्व कागदावर मानले आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. दुकाने बाराही महिने उघडी ठेवण्यास मुभा देणाऱ्या २०१७ च्या राज्य कायद्यानेही प्रत्येक नोकराला आठवड्यातून एक दिवस सुटी मिळालीच पाहिजे, असे बजावले आहे. तथापि ज्याचे नाव हजेरीपटावर आहे, त्याच्यापाशी येऊन हे सर्व थांबते. हजेरीपट जेथे संपतो, तेथे रविवारही संपतो.

ज्यांना रविवार नाही

मध्यमवर्गीय घरातील रविवार डोळ्यांपुढे आणावा. घरचा कर्ता वर्तमानपत्र घेऊन बसलेला असतो, मुले उशिरापर्यंत झोपलेली असतात. आज सर्व घरी, म्हणून न्याहारीला काही विशेष, दुपारी सामिष किंवा गोडाचे जेवण, संध्याकाळी पाहुणे. घरातील स्त्रीच्या दृष्टीने हा आठवड्यातील सर्वांत कष्टाचा वार ठरतो. ती नोकरी करणारी असेल तर सहा दिवसांची तुंबलेली कामेही याच दिवसाच्या वाट्याला येतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या वेळवापराच्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात असे आढळले. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची जातात ९७ मिनिटे. शिवाय असे घरकामात हात घालणारे पुरुष होते शंभरात सव्वीस, आणि स्त्रिया एक्याऐंशी! पोळ्याला बैल विसावतो, पण पुरणपोळ्या करणारीला त्या दिवशी दुप्पट राबावे लागते, हा जुना न्याय रविवारनेही मोडलेला नाही.

मोलकरणीची कथा याहून वेगळी नाही. पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने महिन्यातून दोन खाडे केले की घराघरांत कुरकुर सुरू होते. आणि ही कुरकुर करणाऱ्या घरातील माणूस स्वतःचा दुसरा शनिवार सोडायला तयार नसतो. तिच्या न येण्याला ‘खाडा’ म्हणतात, त्याच्या न जाण्याला ‘सुटी’! शब्दांतला हा फरकच सर्व काही सांगून जातो. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी आपण होऊन संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. २००८ साली राज्याने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांना आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती देण्याचा करार संमत केला. पण भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. कारखान्यांतील साप्ताहिक सुटीच्या १९२१ च्या कराराला मात्र या देशाने दोन वर्षांतच मान्यता दिली होती. गिरणीच्या दारातून आत आलेला रविवार शंभरावर वर्षे उलटली तरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी अडून राहिला आहे. सोसायटीच्या फाटकावरील रखवालदार आणि दुचाकीवरून दारोदार जिन्नस पोहोचविणारा तरुण हे त्याच उंबऱ्यावर उभे आहेत.

यावर व्यवहारी माणूस विचारील, चूल कशी बंद ठेवायची? रुग्णालये, आगगाड्या, दूध यांना रविवार कसा द्यायचा? आक्षेप रास्त आहे, परंतु त्याचे उत्तरही जुने आहे. रुग्णालयातील परिचारिकेला आणि रेल्वेच्या गार्डाला आठवड्याची सुटी मिळतेच. ती पाळीपाळीने मिळते, एवढेच. वार कोणताही असो, दिवस हक्काचा असला म्हणजे झाले. मोलकरणीला आठवड्यातून एक दिवस पगार न कापता सुटी देण्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही. त्या दिवशी आपली भांडी आपण घासण्याची तयारी लागते. घरातील स्त्रीच्या बाबतीतही आठवड्यातून एक दिवस स्वयंपाकघर दुसऱ्याच्या हाती जाणे अवघड असले तरी अशक्य नाही. आपले काम आपल्या हाताने करण्याची सवयही युरोपातील घरांतून आज सर्रास दिसते. अनुकरणच करायचे तर ती टायपेक्षा स्वस्त आहे आणि येथल्या हवेलाही मानवणारी आहे.

परक्यांचे काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हा वाद यापुढेही चालेल आणि तो चालावाही. मात्र तो करताना घेतलेल्या वस्तूचा वाटा घरात कोणाकोणाला मिळाला, हेही तपासले पाहिजे. रविवारी सकाळी निवांतपणे समोर येणाऱ्या चहाच्या कपात १८९० चे दोन्ही प्रसंग एकत्र आलेले असतात. त्यातील चहा आता सर्वांचा झाला आहे. पेला हाती धरला म्हणून आज कोणाला प्रायश्चित्त घ्यावे लागत नाही. रविवार मात्र अजून तो चहा पिणाऱ्याचाच आहे. तो चहा करणारीचाही होईल, तेव्हाच महालक्ष्मीच्या मैदानावर बोललेल्या त्या दोन स्त्रियांची मागणी पुरी झाली, असे म्हणता येईल.