पायरी चढावी, पण कोणती?

अडकलेले डिपॉझिट, परत न आलेले उसने पैसे, दुकानदाराने नाकारलेली दुरुस्ती... अशा रोजच्या तंट्यांसाठी आयुष्यभर खेपा घालाव्याच लागतात असे नाही. मात्र वेळेवर योग्य दार ठोठवावे लागते.

नाशिकमधल्या भाड्याच्या घरात तीन वर्षे राहिलेली एक परिचारिका डोळ्यांसमोर आणावी. तिची बदली होते, ती घर रिकामे करते, किल्ली घरमालकाच्या हातात देते. डिपॉझिटचे ७५ हजार रुपये ‘पुढच्या आठवड्यात’ मिळणार असतात. त्या आठवड्याचे चार महिने होतात. मग एक दिवस फोनवर उत्तर येते, “रंगकाम, बेसिन, नळ सगळे मिळून ५० हजार खर्च झाला. उरलेले बघू.”

घरातले वडीलधारे म्हणतात, “जाऊ दे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.”

ही म्हण अनुभवातूनच आली आहे आणि ती पूर्ण खोटी नाही. दिवाणी दावे रेंगाळतात हे कोणी नाकारत नाही. पण ७५ हजार रुपये म्हणजे त्या बाईच्या मुलीची कॉलेजची फी असते. ती ‘जाऊ दे’ म्हणून सोडायची का? आणि कोर्टाच्या मोठ्या पायरीआधी काही लहान पायऱ्या आहेत, हे किती घरांत ठाऊक असते?

आधी कागद, मग राग

पहिली पायरी घरातच असते. भाडेकरार, डिपॉझिट दिल्याची बँकेतली नोंद, किल्ली परत केल्याची तारीख, घर सोडतानाची छायाचित्रे आणि मोबाइलवरचे निरोप, हे सारे एका फाइलमध्ये लावावे. निरोप पुसू नयेत, शक्यतो मूळ मोबाइलही जपून ठेवावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो.

त्यानंतर साधे, सभ्य पत्र. किती रक्कम, कशाची, किती दिवसांत हवी आणि खर्च झाला असेल तर त्याच्या पावत्या दाखवाव्यात, एवढेच. ते स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपावी. पत्रात शिवीगाळ किंवा धमकी नको, कारण हाच कागद उद्या न्यायाधीशांसमोर ठेवला जातो. अनेकदा तंटा इथेच मिटतो. तोंडी मागणीला हसणारा माणूस लेखी मागणीपुढे विचार करू लागतो.

भिडेची किंमत

परक्याकडे मागणे त्या मानाने सोपे. खरी पंचाईत नात्यात होते. चुलतभावाला दुकानासाठी ४० हजार दिले, लिहून काही घेतले नाही. दिवाळीला भेट होते, फराळ होतो, पैशांचा विषय कोणीच काढत नाही. “मी मागेन तेव्हा दे” असेच ठरलेले असते.

इथेच घड्याळ गुपचूप चालू असते. मुदत कायदा, १९६३ नुसार उसन्या पैशांचा दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांत करावा लागतो. ‘मागेन तेव्हा’ असे ठरले असले, तरी ही तीन वर्षे मागितल्याच्या नव्हे, पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजली जातात. भिडेखातर गप्प बसणाऱ्याचा हक्क असा हातातून निसटतो.

यावर सोपा उपाय आहे. मुदत संपण्याआधी भावाकडून “तुझे इतके रुपये माझ्याकडे येणे आहे” अशी सहीनिशी चिठ्ठी घ्यावी. त्या सहीच्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू होते. थोडी रक्कम परत देऊन तशी लेखी नोंद सही करून दिली, तरी तोच परिणाम होतो. देणाऱ्याची नियत साफ असेल, तर त्याला या चिठ्ठीचे वाईट वाटण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी पैसे देताना मात्र बँकेमार्फतच द्यावेत.

तडजोडीचा दरबार

पत्राला उत्तर आले नाही, तर त्या परिचारिकेसमोर दुसरे दार आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते; तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती असते. तिथे साध्या कागदावर अर्ज देता येतो. दावा दाखल होण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत ठेवण्याची सोय आहे आणि त्यासाठी कोर्ट फी नाही. दावा आधीच चालू असेल आणि लोकअदालतीत मिटला, तर भरलेली कोर्ट फी परत मिळते.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. या कायद्यानुसार स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळू शकतो. मुले, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कामगार आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे यांनाही ही सवलत आहे. माहितीसाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

लोकअदालतीत न्यायाधीशांबरोबर वकील किंवा सामाजिक कार्यकर्ते बसतात. त्या टेबलावर घरमालक पावत्या काढतो. बेसिन खरोखर फुटलेले असते, रंगकामाची पावती मात्र नसते. बोलणी होतात, १२ हजार वजा होतात आणि ६३ हजार रुपये दोन चेकने देण्याचे ठरते. खाली दोघांच्या सह्या होतात.

या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकेच बळ असते. पैसे दिले नाहीत, तर त्याच्या आधारे वसुली करता येते. पण त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचावी, रक्कम आणि तारखा तपासाव्यात. कोणी दडपण आणले, तर ‘नाही’ म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे. लोकअदालत तडजोड घडवते, कोणावर लादत नाही. दोघे राजी झाले नाहीत, तर कोर्टाचा मार्ग मोकळाच राहतो.

जमले नाही तर

छोट्या दाव्यांसाठी आपल्याकडे वेगळी न्यायालये इंग्रजी अमदानीपासून आहेत. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांसाठी १८८२ चा, तर इतर भागांसाठी १८८७ चा कायदा आहे. मुंबईत धोबीतलावला असलेले लघुवाद न्यायालय आज मुख्यतः घरमालक-भाडेकरूंच्या तंट्यांसाठी ओळखले जाते. इतरत्र असे बरेच दावे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतात.

देणे लेखी असेल, तर ‘संक्षिप्त दावा’ करता येतो. त्यात प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजर व्हावे लागते आणि बचाव करण्यासाठी कोर्टाची परवानगी मिळवावी लागते. नुसती टाळाटाळ इथे चालत नाही.

चेक न वटल्यास तारखा डोळ्यांत तेल घालून सांभाळाव्यात. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी. ती मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार करावी.

आणि तंटा दुकानदाराशी किंवा कंपनीशी असेल, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथेच तक्रार करता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर फी लागत नाही; वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र दोनच वर्षे. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. पुष्कळ तक्रारी तिथेच सुटतात.

त्या परिचारिकेला ७५ ऐवजी ६३ हजार मिळाले. “मग जिंकली कोण?” असे शेजारीण विचारेल. पण बेसिन फुटले होते, हे तिलाही ठाऊक होते. मुलीची फी वेळेवर भरली गेली आणि रोज रात्री मनात चाललेले भांडण थांबले. तिने पायरी चढली ती भांडणासाठी नव्हे, भांडण संपवण्यासाठी.

आता येत्या दिवाळीला चुलतभाऊ फराळाला येईल. लाडवांच्या ताटाशेजारी एक कोरा कागद आणि पेन ठेवायला काय हरकत आहे? आज मागितलेली एक सही उद्याचे नाते वाचवू शकते.