नातवंडांसाठी सत्तावीस घन

दप्तराच्या कारभारातून कायमची फारकत मिळालेल्या गृहस्थाने मागच्या पडवीत एक भक्कम मेज मांडावे, करवत, रंधा, गुण्या आणि कानस एवढी मोजकी आयुधे जमवावीत आणि नातवंडांसाठी लाकडी खेळणी घडवू लागावे, हा छंद वरकरणी निरुपद्रवी दिसतो खरा. परंतु त्यात शिरणाऱ्यास लवकरच उमगते की, गाडी करणे सोपे आणि कोडे करणे कठीण, कारण चाक किंचित वाकडे बसले तरी गाडी धावते व नातू खूश होतो, उलट कोड्याचा एकच तुकडा मापास चुकला तर सगळी मेहनत रद्दबातल ठरते.

पीट हाइन या डॅनिश कवीने, जो गणितातही तितकाच रमणारा होता, १९३३ साली कल्पिलेला ‘सोमा’ घन या कसोटीस उत्तम. सत्तावीस लहान घन सात आकृत्यांत चिकटवायचे, सहा आकृत्या चार-चार घनांच्या व एक तिहींची, आणि त्या सातांतून पुन्हा एकच मोठा घन रचायचा. नुसत्या फिरवलेल्या किंवा आरशातल्यासारख्या उलट रचना सोडून दिल्या तरी तो २४० रीतींनी साधतो. पंचवीस मिलिमीटरची चौरस पट्टी रंधून, प्रत्येक अंगास गुण्या लावून पाहावा आणि करवतीचे दाते भुसा करून जेवढे लाकूड खातात तेही हिशेबात धरून तुकडे पाडावेत. कारण एका घनातील अर्ध्या मिलिमीटरची हयगय तीन घनांच्या रांगेत दीड मिलिमीटर होऊन बसते. लाकडाच्या आडव्या कापावर चिकटवलेला सांधा कच्चा राहतो, म्हणून शक्यतो रेषांच्या लांब बाजूच एकमेकींस भिडतील असे घन फिरवून घ्यावेत. एका आकृतीत मात्र मधल्या घनास तिन्ही दिशांनी शेजारी असल्यामुळे ही युक्ती चालत नाही. तिथे आतून लाकडी खुंटी घालण्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय पावसाळ्यात लाकूड रेषांच्या लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र फुगते. वैशाखात नेमकी बसणारी पेटी आषाढात हट्टाला पेटते, तेव्हा पेटीत मिलिमीटरभर सैल जागा आधीच ठेवणे शहाणपणाचे.

धाकट्यांसाठी फ्रेंच गणिती एदुआर ल्युका याने १८८३ मध्ये काशीच्या देवळाची दंतकथा जोडून प्रसिद्ध केलेला चकत्यांचा मनोरा करावा. आठ चकत्या हलवण्यास किमान २५५ चाली लागतात. आरंभी तीनच चकत्या द्याव्या, सात चालींत काम होते.

लाकूड कोणते, हा प्रश्न लोक फार घोळतात. सावंतवाडीचे चितारी हलक्या खेळण्यांसाठी पांगारा वापरीत आले. घरगुती कामास शिवण अधिक इमानी, हलके आणि सहसा न वाकणारे. रंगाविषयी मात्र तडजोड नको: मूल वस्तू तोंडात घालणारच, म्हणून शिशाचा अंश नसल्याची खात्री नसलेला कोणताही तैलरंग वर्ज्य समजावा आणि स्पिरिटात विरघळवलेल्या चपडा लाखेचे पातळ हात द्यावेत. तीन वर्षांखालील बालकाच्या हाती सव्वा इंच व्यासाच्या नळीत मावेल असा कोणताही सुटा भाग जाऊ देऊ नये.

लाकूड विकत आणण्याची घाई नको. जुन्या वाड्याच्या मोडीतला साग पुरता वाळलेला असतो आणि स्वस्तही पडतो, त्यातले खिळे तेवढे रंधा फिरवण्यापूर्वी उपटून काढावेत.